मध्यंतराला उठणाऱ्या इंगळे बाई

मैदानात खुर्ची दिसली की इंगळे बाईंचं डोकं फिरायचं. एकदा स्पर्धेच्या उद्घाटनाला आलेल्या सरपंचांनाच त्यांनी "साहेब, खुर्ची रेषेच्या बाहेर" म्हणून उठवलं होतं. रेषेच्या बाहेर म्हणजे कडुनिंबाच्या पलीकडं, जिथून खेळ दिसत नाही. सरपंच बिचारे अर्धा तास झाडाचं खोड बघत बसले. बाई स्वतः शाळा सुटल्यावर दोन-दोन तास उभ्या असत. गळ्यात शिट्टी, पदर कमरेला खोचलेला, पायात मुलांसारखे बूट, आणि टाचा जमिनीपासून जरा उचललेल्या, म्हणजे कुणी खो दिला तर बाई स्वतःच धावत सुटतील. पुढं याच बाईंनी हिरव्या कापडाची घडीची खुर्ची विकत आणली आणि ती कडुनिंबाच्या अलीकडं, रेषेला चिकटून टाकली. मला आठवतात त्या खुर्चीतल्या बाई.

बाई ज्या शाळेत खेळ शिकवायच्या त्याच शाळेत मी गणित शिकवत होतो. धाराशिवहून तेरला जाणाऱ्या रस्त्यावर, एसटी पकडली तर लवकर आणि चुकली तर कधीतरी पोचता येतं असं ते शाळेचं गाव. मैदानाशी माझा संबंध एवढाच, की माझ्या वर्गाची खिडकी त्या बाजूला उघडायची. खेळ मला कधी आला नाही. शाळेत असताना मला खो-खोत घ्यायचे ते नववा गडी कमी पडतो म्हणून. पण तीस वर्षं फळ्याकडं तोंड करून कंटाळलेला माणूस खिडकीतून काहीही बघतो, तसा मी इंगळे बाईंना बघत आलो.

बाईंचं माहेर तुळजापूरचं, सासर धाराशिवचं. मुलगी असताना त्या जिल्ह्याच्या संघात होत्या आणि खांबाजवळ त्यांचा सूर बघायला गावोगावची माणसं यायची, असं लोक सांगत. बाईंनी ते स्वतः कधी सांगितलं नाही. मुलींना करून मात्र दाखवायच्या. चाळिशी उलटलेली बाई साडी सावरून धावत येते, खांबाला एका हातानं विळखा घालते आणि दुसरा हात पुढं टाकून मातीत आडवी होते, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला खडू पडला. उठून माती झटकत त्या म्हणाल्या होत्या, "लागत न्हाय. भ्यालं की लागतंय."

त्यांचा एक मंत्र होता, तो शाळेतल्या प्रत्येक मुलीला पाठ होता. दम लागला की एक फेरी जास्त. मुलगी गुडघ्यावर हात टेकून वाकली की शिट्टी वाजायची आणि ती मुलगी रडत-रडत एक फेरी जास्त मारायची. शेवटी तिला खिशातून शेंगदाणे आणि गुळाचा खडा मिळायचा. "दम संपला असं आपल्याला वाटतंय," त्या सांगायच्या, "तो आत असतोय. त्याला बाहेर काढायला एक फेरी लागती." या मंत्रावर आमच्या आडवळणी गावच्या शाळेचा संघ तालुक्याला तीनदा जिंकला. मुलींना गावातून बाहेर न्यायचं म्हणजे घरोघरी जाऊन आयांच्या मिनतवाऱ्या कराव्या लागत, त्याही बाई करायच्या. वयात आलेल्या मुलीला घराबाहेर पडायचं एकच कारण घरचे मान्य करत, ते म्हणजे इंगळे बाईंचा खेळ.

मग कोरोनाची लाट आली. पहिली नव्हे, दुसरी. बाईंना ताप आला, आठवडाभर राहिला, गेला. दवाखान्यात ठेवावं लागलं नाही म्हणून घरच्यांनी देवीला नारळ फोडला. त्या काळात कोण-कोण गेलं ते बघता इंगळे बाई सुटल्या असंच सगळे म्हणाले, मीही म्हणालो. शाळा भरायला लागली तेव्हा त्या आल्या. जरा वाळल्या होत्या. पहिल्याच दिवशी जिना चढून शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि दाराला धरून उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, धाप लागली का? त्या म्हणाल्या, धाप न्हाय. मग काय, ते त्यांना सांगता आलं नाही.

ते सांगायला त्यांना पुढं वर्ष लागलं. तोवर इतरांनी भरपूर सांगितलं. आमच्या शिक्षकांच्या खोलीत डॉक्टर सोडून सगळ्यांना औषधं माहीत होती. एकानं खजूर सांगितला, एकानं काढा, एकीनं स्वतःच्या पिशवीतून शक्तीच्या गोळ्या काढून दिल्या. कुणी दृष्ट म्हणालं. कुणी वयाचं म्हणालं, म्हणजे बाईंच्या माघारी. धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखर, थायरॉईड, हृदयाची पट्टी, सगळं काढलं आणि सगळं व्यवस्थित निघालं. घरचे खूश झाले. बाई एकट्या खट्टू झाल्या, कारण काहीतरी निघालं असतं तर त्याला गोळी निघाली असती. टेन्शन घेऊ नका, थोडं चालत जा, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं.

थोडं चाला म्हटल्यावर इंगळे बाई थोडं चालणार होत्या होय? त्यांनी स्वतःला मंत्र लावला. पहाटे उठून त्या मैदानावर फेऱ्या मारायला लागल्या. मी लवकरच्या एसटीनं पोचायचो तेव्हा त्या धापा टाकत कडुनिंबाखाली उभ्या दिसायच्या. बरं वाटायलंय, सर, म्हणायच्या. अंग मोकळं झाल्यासारखं वाटायलंय. आणि दोन दिवसांनी बाई शाळेत नसायच्या. आठ-पंधरा दिवस नसायच्या. परत आल्या की पुन्हा फेऱ्या, आणि पुन्हा दोन दिवसांनी गायब. गंमत अशी की, आणि याला गंमत म्हणवत नाही, फेरी मारल्याच्या दिवशी त्या ठीक असायच्या. दुसऱ्या दिवशीही बऱ्या. पडायच्या ते तिसऱ्या दिवशी. त्यामुळं फेऱ्यांचा आणि पडण्याचा संबंध आहे हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, गणित शिकवणाऱ्याच्याही नाही. उलट सगळे म्हणायचे की व्यायाम करतात तेव्हा बऱ्या असतात, सोडला की पडतात. बाईंनाही तेच पटलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जी एक फेरी जास्त मारायला लावली, तिनंच त्यांना आडवं केलं.

दर वेळी त्या आधीपेक्षा खाली जात होत्या. पहिल्यांदा फळ्यावर हात वर धरवेना. मग केस विंचरायला हात वर जाईना, तेव्हा त्यांनी कमरेपर्यंतचे केस कापून मानेवर आणले. मैदानावरचा आरडाओरडा, जो त्यांचा श्वास होता, तो कानाला सोसेना. उजेड डोळ्यांत टोचायला लागला. एकदा मी आणि माझी बायको त्यांना भेटायला गेलो तेव्हा खिडकीला चादर लावलेली होती आणि बाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. सासूबाई चहा देताना हळू आवाजात, पण आत ऐकू जाईल एवढ्याच हळू, म्हणाल्या की बसून-बसून अंग जड झालंय, कामाला लागली की उतरंल.

बाई भिंतीकडंच बघत बोलल्या. त्यांच्या तोंडून मी एवढं सलग बोलणं पुन्हा कधी ऐकलं नाही.

"सर, थकणं लई सोपं असतंय हो. म्या जन्मभर थकले. पळून-पळून थकायचं, घरी येऊन भाकरी खायची, निजायचं, सकाळी उठलं की अंग नवं. त्याला थकणं म्हणत्यात. आता निजून उठलं की निजायच्या आधी होते त्याच्यापेक्षा वंगाळ असतंय. रात्रभर कुणीतरी माझ्या अंगानं काम करून घेतलंय असं वाटतंय. आन् लोकं म्हणत्यात, आराम करा. आराम करूनच तर अशी झाले. मला बरं व्हायचं न्हाय का?"

माझी बायको उठून त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांचे पाय दाबायला लागली, तर बाईंनी पाय आखडून घेतले. दाबलेलंही दुखत होतं. इंगळे बाईंचे मिस्टर पाटबंधारे खात्यात कारकून, अबोल गृहस्थ. ते आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, सोलापूरला एक नवीन डॉक्टरीण आलीय म्हणतात, बघू. असे "बघू" त्यांनी किती म्हटले असतील कोण जाणे.

पण ही डॉक्टरीण वेगळी निघाली. वयानं लहान, बाईंच्या मुलीएवढी. तिनं बाईंचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता. मग या आजाराला नाव आहे म्हणाली. नाव मोठं इंग्रजी होतं, बाईंनी ते मला एकदाच सांगितलं आणि मी विसरलो. तापानंतर काही जणांना होतो, तपासण्यांत दिसत नाही, आळस नव्हे, मनाचे खेळ नव्हेत आणि आज तरी यावर गोळी नाही, एवढं तिनं सरळ सांगितलं. फेऱ्यांचं आणि तिसऱ्या दिवसाचं नातंही तिनंच उलगडलं. इथून पुढं दमण्याच्या आत थांबायचं, अंगात अजून आहे असं वाटत असतानाच थांबायचं, चांगल्या दिवशी तर जास्तच सांभाळून राहायचं, असं तिचं म्हणणं. बाई तिथून रडत बाहेर आल्या. आजार खरा आहे हे कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं म्हणून, का गोळी नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही.

दमण्याच्या आत थांबा हे ऐकायला सोपं. ज्या बाईनं उभा जन्म दमल्यानंतरची फेरी शिकवण्यात घालवला तिला ते कसं जमावं? पटलं होतं, पण अंगाला कळत नव्हतं. जरा बरं वाटलं की त्या उठायच्या, धुणं काढायच्या, मैदानावर यायच्या, आणि पडायच्या. ते अंगाला कळलं ते तुळजापुरात, माहेरी.

नवरात्राच्या आधी बाईंच्या आईनं त्यांना विसाव्याला म्हणून नेलं होतं. घटस्थापनेच्या आधीचे आठेक दिवस देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते, हे तुळजापुरात लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या निद्रेच्या गादीसाठी बायका कापूस निवडायला बसतात. बाईंची एक आत्या होती, देवीची परडी घेऊन जोगवा मागणारी, ऐंशीच्या पुढची. ती कापूस निवडून घरी आली तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले होते. भाची ओसरीवर आडवी पडलेली बघून ती शेजारी टेकली. बाई तिला म्हणाल्या, दसऱ्यानंतर देवी पुन्हा निजते ती श्रमनिद्रा, म्हैसासुराशी लढून थकलेली असते, ती पाच दिवसांत उठते. माझी श्रमनिद्रा काय संपंना बघ आत्या. हे त्या थट्टेनं म्हणाल्या होत्या. आत्यानं ते थट्टेवारी नेलं नाही.

"आगं, पण ती आत्ता कशाला निजलीय?" आत्या म्हणाली. "आजून लढाई कुठं झाली? ती आदी निजती. तुमी समदे पडल्यावर निजता."

बाईंनी हे मला शाळेत येऊन सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे जरा चमकत होते. देवधर्मातल्या त्या फारशा नव्हत्या, माहेर देवळाच्या सावलीत असूनही. लहानपणापासून दर वर्षी ती निद्रा त्यांनी बघितली होती, गाव शांत राहतं, पलंगावरच्या मूर्तीला अभिषेक होत नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं, आणि देवी काम सुरू व्हायच्या आधी निजते याचा अर्थ कधी डोक्यात शिरला नव्हता. सोलापूरच्या डॉक्टरिणीनं सांगितलेलंच आत्यानं सांगितलं, फक्त बाईंना कळेल अशा तऱ्हेनं.

मग ती हिरवी खुर्ची आली. ज्या दिवशी ती रेषेला लावली त्या दिवशी मुली हसल्या नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. बाई तासाच्या आधी खेळाच्या सामानाच्या खोलीत उंच उडीच्या गादीवर अर्धा तास निजायच्या, कुणा मुलीची ओढणी डोळ्यांवर टाकून. मग बाहेर येऊन खुर्चीत बसायच्या. शिट्टी गेली, तिचा आवाज त्यांनाच सोसत नव्हता. हाताच्या खुणा आल्या. एक बोट म्हणजे बसलेल्या मुलींच्या पाटीतून वळ, मूठ म्हणजे थांब, तळहात म्हणजे खांबाकडं. ओरडणं बंद झाल्यामुळं मुली सारख्या बाईंकडं बघायला लागल्या आणि त्यांचा खेळ, मला तरी खिडकीतून वाटलं, आधीपेक्षा नेटका झाला. दम लागला की एक फेरी जास्त, हे वाक्यही गेलं. त्याच्या जागी दुसरं कुठलंच आलं नाही. एखादी मुलगी वाकली की बाई तिला बसवायच्या आणि म्हणायच्या, बस की, खेळात एक पळती तेव्हा आठ जणी बसल्यातच.

त्यांना एक नवी सवय लागली होती. बोलता-बोलता दोन बोटं मानेवर ठेवायची, नाडी बघायची. पूर्वी मुलींची बघायच्या, आता स्वतःची. ती बोटं मानेवर गेली आणि नाडी उड्या मारायला लागली असं दिसलं, की बाई वाक्य पुरं करायच्या नाहीत. "माझं झालं सर," म्हणायच्या आणि उठून जायच्या. मी त्रिकोणाच्या मध्यगेइतकं गंभीर काही सांगत असलो तरी. चहाचा अर्धा कप तसाच राहायचा. लोकांना राग यायचा. शिष्ट झाल्या, म्हणायचे.

घरी तर यावरून महाभारत झालं. भाकरी थापता-थापता बाई उठायला लागल्या. चार झाल्या, पाचवीचं पीठ परातीत मळलेलं, तवा तापलेला, आणि सूनबाई जाऊन आडव्या. मळलेलं पीठ टाकून उठणं सासूबाईंना अपशकुनासारखं वाटायचं. त्या बडबडत उरलेल्या भाकरी थापायच्या. बाई म्हणायच्या, पीठ संपवून उठले असते तर दोन दिवस चूल कुणी पेटवली असती, हे आईंना कसं सांगू? त्यांनी सांगितलं नाही, रोज उठत राहिल्या. काही महिन्यांनी सासूबाईच पाचव्या भाकरीला परातीशी येऊन बसायला लागल्या. न बोलता, तोंड वाकडं करून, पण वेळेवर.

शाळेत मात्र तसं वेळेवर येऊन बसणारं कुणी मिळालं नाही. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक आले. हुशार माणूस, शिस्तीचा, बोलण्यात साखर. त्यांना शाळेचा निकाल वर काढायचा होता. मैदानाचा तास त्यांच्या डोळ्यात खुपायला लागला, आणि त्या तासाला खुर्चीत बसणारी बाई त्याहून जास्त. एकदा जिल्ह्यावरून अधिकारी आले होते. मुख्याध्यापक त्यांना शाळा दाखवत-दाखवत खेळाच्या सामानाच्या खोलीत घेऊन आले, मीही मागं होतो. दार उघडलं तर उंच उडीच्या गादीवर इंगळे बाई डोळ्यांवर ओढणी घेऊन पडलेल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हाक मारली. बाईंनी ओढणी काढली, कोण आलंय ते बघितलं आणि उठल्या नाहीत.

"साहेब, मी आत्ता गडबडीनं उठले तर परवा शाळेत दिसणार न्हाय," त्या म्हणाल्या. "झोपूनच सांगते. काय विचारायचं ते विचारा."

आणि अधिकाऱ्यांनी खरंच विचारलं. संघ किती मुलींचा, सराव कसा, मैदान कुणी आखलं. बाई छताकडं बघत एकेक उत्तर देत गेल्या. साहेब जाताना "बरी व्हा" म्हणाले, ते कुचेष्टेनं नव्हतं असं मला वाटलं. पण साहेब गेल्यावर मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं. संघ यंदा जिल्हा जिंकून विभागाला गेला तर तास राहील. नाहीतर दिवाळीनंतर त्या वेळेला शिष्यवृत्तीचे वर्ग. बाईंना ऑफिसात बसून काम करता येईल, त्यांच्याच तब्येतीला बरं. हे सगळं त्यांनी फार प्रेमानं सांगितलं म्हणे.

तास गेला असता तर मुली गेल्या असत्या. शिष्यवृत्तीच्या वर्गाला गावच्या मुलींना संध्याकाळपर्यंत कुणी थांबू दिलं नसतं. आणि बाईंचं काय राहिलं असतं? तब्येत गेली होती, आवाज गेला होता, लांब केस गेले होते. ती खुर्ची तेवढी उरली होती. त्या मला म्हणाल्या, सर, ही पोरगी बाद झाली की मी बाद. कुठली पोरगी ते त्यांनी सांगितलं नाही, सगळ्याच असाव्यात.

तालुक्याचा सामना संघानं बाईंशिवाय जिंकला. त्या दिवशी बाई मुद्दाम आल्या नाहीत. जिल्ह्याची अंतिम फेरी धाराशिवच्या मैदानावर होती, उमरग्याच्या तगड्या संघाशी. तिथं मात्र त्यांना यायचंच होतं, कारण त्या मुलींचे पाय ओळखून होत्या आणि मुलींच्या सगळ्या खुणा त्यांच्या हातात होत्या. त्यांनी आधी रजा टाकली. खिडकीला पुन्हा चादर लागली. फोन बंद, भाकरी बंद, बोलणं बंद. मी मिस्टरांना बाजारात भेटलो तेव्हा त्यांनी नुसतं सांगितलं, निजलीय. तुळजापुरात देवी निजलीय म्हणताना लोक जसा आवाज खाली आणतात, तसाच त्यांचाही आला होता. मला हसू आलं नाही.

मुलींना सामन्याला मी नेणार होतो, म्हणून यायच्या आधी एक गोष्ट त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतली. मिस्टरांच्या फोनवरून, अगदी थोडक्यात. सामना कसाही चालू असला तरी मध्यंतराला त्या उठणार. मागं असो, पुढं असो. मी त्यांना थांबायचा आग्रह करायचा नाही, आणि मुली करतील तर मुलींना आवरायचं. अख्खा सामना बसले तर दिवाळीपर्यंत पडेन, मग विभागाच्या तयारीला कोण? असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. खिडकीतून बघणाऱ्या माणसाला एवढं तर जमावं.

सामना सकाळचा होता. बाई आल्या त्या टोपी घालून, काळा चष्मा लावून, कानांत कापसाचे बोळे. त्या अवतारात कुणी त्यांना ओळखलं नाही, पंचांपैकी एक बाई त्यांच्याबरोबर पूर्वी खेळलेली होती, तिनंही नाही. हिरवी खुर्ची रेषेला लागली. पहिल्या डावात आमच्या मुली घाबरल्या होत्या, खुणा बघायच्याच विसरल्या आणि भराभर बाद झाल्या. मग त्यांची नजर खुर्चीकडं वळली. एक बोट, मूठ, तळहात. कप्तान मुलगी, गावातल्या कुंभाराची, खांबावर सूर मारून एकीला बाद करून उठली तेव्हा बाई खुर्चीत पुढं सरकल्या आणि त्यांच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. मी बघितलं. त्यांनीही बघितलं असावं, कारण दोन बोटं लगेच मानेवर गेली आणि टाचा हळूच खाली टेकल्या.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागं होतो. पण खेळ आमच्याकडं वळायला लागला होता, हे मलासुद्धा कळत होतं. मुली धावत खुर्चीपाशी आल्या. बाईंनी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला, कप्तानाला जवळ घेऊन दोन वाक्यं सांगितली आणि उठल्या. मुलींना आधी कळलंच नाही. मग कुंभाराची पोर म्हणाली, "बाई, थांबा की. आता जिंकतोय आपण." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन मुलींना पाणी प्यायला हाकललं.

तो सामना आम्ही जिंकलो. एका गुणानं. निकाल मी दुसऱ्या दिवशी सकाळी कळवला, कारण तसंच ठरलं होतं. जिंकल्याचं ऐकूनही नाडी उडते, त्यानंही मी पडते, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. फोनवर मी म्हणालो, एका गुणानं आपला. पलीकडून "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. विभागाला मुली लातूरला जाऊन पहिल्याच फेरीत हरल्या. मैदानाचा तास मात्र राहिला. मी निवृत्त होऊन ईटला माझ्या गावी आलो, आणि आमच्या गाठीभेटी संपल्या. बाई अजून आहेत, तशाच आहेत. बऱ्या झाल्या नाहीत. पण आधीसारख्या खाली-खाली जात नाहीत, असं मिस्टर फोनवर सांगतात, आणि त्यांच्या आवाजात आता "बघू" नसतं.

मला मात्र त्या दिवशीचं मैदानाचं फाटक आठवतं. मिस्टरांनी गाडी सावलीत लावली होती. मी खुर्ची घडी करून मागं ठेवली. बाई मागच्या सीटवर आडव्या झाल्या, पाय मुडपून, ओढणी डोळ्यांवर. मध्यंतर संपलं होतं आणि भिंतीपलीकडून मुलींचे आवाज यायला लागले होते. खो. मग धावणाऱ्या पायांचा आवाज. खो. खो. कापसाचे बोळे असूनही त्यांना ते ऐकू येत असणार, कारण दर खोला त्यांच्या पायाची बोटं सीटवर वळत होती. एकाएकी आत मोठा गलका उठला, कुणीतरी बाद झालं होतं. आमचं का त्यांचं ते बाहेरून कळत नव्हतं. मिस्टर किल्ली हातात धरून थांबले आणि मागं वळून त्यांनी बायकोकडं बघितलं. मीही दाराशी तसाच उभा राहिलो.

बाईंनी ओढणी काढली नाही.

"काच वर करा," त्या म्हणाल्या.